काउंट

काउंट हा शब्द माझ्या आयुष्यात सुतामुळे आला. लग्न होऊन सोलापुरात आले आणि दोन वर्षांनी एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहायला लागले. पहिल्याच आठवड्यात मालकांनी समोर सुताचे दोन कोन ठेवले आणि विचारलं, "यातलं दहा काउंट कुठलं आणि चाळीस काउंट कुठलं?" आकडा मोठा म्हणजे सूत जाड असणार, असं धरून मी जाड सुताला चाळीस म्हटलं. मालक हसले नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं. एक पौंड सुतात 840 वारांच्या जितक्या लडी भरतात, तितका त्याचा काउंट. सूत बारीक असलं की लडी जास्त भरणार. म्हणून आकडा चढला की धागा नाजूक, उतरला की जाड. आपल्या चादरीला जाड सूत लागतं. सत्तावीस वर्षं मी हे आकडे लिहिते आहे. बिलावर काउंट दिसला की बोटांना ते सूत जाणवतं.

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस किमोच्या वॉर्डात खुर्चीवर बसले होते. सिस्टरांनी फाइल उघडली, वाचली, मिटली आणि म्हणाल्या, "ताई, काउंट कमी आलेत तुमचे. आज डोस नाही मिळायचा." त्या क्षणी सत्तावीस वर्षांची सवय आधी जागी झाली. कमी काउंट, म्हणजे जाड सूत, म्हणजे दणकट. मग भानावर आले. हे काउंट रक्तातल्या पेशींचे.

आधीचं थोडक्यात सांगते. डाव्या स्तनात गाठ, काखेतल्या दोन गाठींपर्यंत पोचलेली. श्रावणात ऑपरेशन झालं. पुढे लाल औषधाचे चार डोस, दर एकवीस दिवसांनी. मग दुसऱ्या औषधाचे बारा, दर आठवड्याला. मग रेडिएशन, ज्याला आमच्याकडे शेक म्हणतात. खर्चाचा मोठा भार महात्मा फुले जनआरोग्य योजनेने उचलला. 2012 मध्ये ही योजना राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं सोलापूर होतं. रेशन कार्डाच्या झेरॉक्स घेऊन दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनीसाच्या, आरोग्यमित्राच्या, टेबलासमोर उभं राहिलेल्यांना या ओळीची किंमत कळेल.

लाल औषधाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. त्याचं नाव डॉक्सोरुबिसिन. इटलीत, तेराव्या शतकातल्या एका किल्ल्याच्या परिसरातल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून ते आलं. तो जिवाणू लालभडक रंग सोडायचा, म्हणून नावात माणकाचा रुबी. हे वाचल्यावर मला ते थोडं आपलंसं वाटलं, कारण रंगवलेल्या सुताच्या लडी मी आयुष्यभर पाहिल्या आहेत. सुताच्या लाल रंगात आणि त्या सिरिंजमधल्या लाल रंगात मला फरक करता येत नव्हता. सिस्टर ते हाताने, थेंबाथेंबाने शिरेत सोडायच्या, कारण शिरेबाहेर निसटलं तर मांस जाळतं. सोडताना त्यांची नजर सुईवरून हलायची नाही. घरी आल्यावर पहिल्यांदा लघवीला गेले तेव्हा तीही लाल. आधी सांगून ठेवलेलं होतं, तरी मी भिंतीला हात लावून उभी राहिले.

त्या पहिल्या डोसनंतरचा हा रिपोर्ट. तो आदल्या रात्रीच माझ्या फोनवर आला होता. आमच्या लॅबचे रिपोर्ट रात्री पावणेनऊच्या सुमारास येतात. दवाखान्याची ओपीडी तेव्हा बंद असते, डॉक्टर घरी जेवायला बसलेले असतात, आणि आपल्या हातात एक पान येतं. त्या पानावर जे नेहमीच्या मर्यादेत असतं ते साध्या अक्षरात, आणि जे बाहेर असतं ते ठळक, शेजारी इंग्रजी एल नाहीतर एच. मी पान उघडलं तेव्हा अर्धं पान ठळक होतं. हिमोग्लोबिन 9.8. पांढऱ्या पेशी 2,100, जिथे 4,000 ते 11,000 हव्यात. त्यातले न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंना अडवणाऱ्या पेशी, 38 टक्के. एव्हाना मला कळलं होतं की दवाखाना विचारतो तो आकडा पानावर छापलेला नसतो, तो काढावा लागतो. 2,100 चे 38 टक्के म्हणजे 798. डोस द्यायला आमच्या डॉक्टरांना निदान 1,500 हवे होते. हिशेब लिहिणाऱ्या बाईला हा गुणाकार करायला किती वेळ लागणार? स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभ्या उभ्या झाला. तोंडी. मग कॅल्क्युलेटरवर. मग एका जुन्या बिलाच्या पाठीवर. तिन्ही वेळा 798.

त्या रात्रीचं काय सांगू. भीती ही एका जागी बसत नाही. आधी वाटलं, आता साधं सर्दी-पडसंही मला नेईल. मग वाटलं, उद्या डोस चुकला तर तेवढ्या दिवसांत राहिलेली एखादी पेशी वाढेल. मग, आणि हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, मला लाज वाटली. जणू परीक्षेत नापास झाले. इतक्या लोकांनी धावपळ केली, लेकीने पुण्याहून रजा टाकली, ह्यांनी गाडीची व्यवस्था केली, आणि माझ्या अंगाने साथ दिली नाही. रक्ताच्या आकड्याची लाज वाटते, हे ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना विचित्र वाटेल. वॉर्डात मी नंतर चार-पाच जणींना विचारलं. सगळ्यांना वाटली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत मांडते. न्यूट्रोफिल या पेशी रक्तात फार दिवस राहत नाहीत, तासांच्या हिशेबाने जगतात. हाडातल्या मगजात त्या रोज नव्याने बनतात. किमो जलद वाढणाऱ्या पेशींना मारतो. कर्करोगाच्या पेशी तशा, केसांच्या मुळांतल्या तशा, आणि मगजातल्याही तशाच. म्हणून डोसनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या आसपास हे आकडे तळाला जातात आणि मग चढतात. काहींचे वेळेत चढतात, काहींचे आठ दिवस उशिरा. "तुमचा मगज अजून कामावर परत यायचाय, एवढंच," त्या म्हणाल्या. डोस आठवडाभर पुढे ढकलला तर काय बिघडेल, हे मी विचारलं. उपचाराचा हेतू रोग समूळ काढायचा असतो तेव्हा ठरलेल्या वेळा शक्यतो पाळायच्या असतात, हे त्यांनी लपवलं नाही. पण एवढा उशीर नेहमीचा आहे, आणि 798 वर डोस देणं हे धाडस झालं असतं, उपचार नव्हे. पुढच्या वेळी उशीर होऊ नये म्हणून मगजाला ढोसणारी इंजेक्शनं लिहून दिली.

ती इंजेक्शनं घेतलेल्यांना कंबरेचं हाड आठवेल. आम्ही पूर्व भागात राहतो. अजूनही आसपासच्या गल्ल्यांत माग चालतात, आणि मागाचा आवाज कानांपेक्षा भिंतीतून जास्त कळतो. उशी भिंतीला टेकवली तर तो ठोका डोक्यात येतो. इंजेक्शनानंतर दोन रात्री माझ्या कंबरेत अगदी तसा ठोका चालू होता. आठव्या दिवशी रक्त दिलं तेव्हा न्यूट्रोफिल 4,300 होते.

याच काळात घरी माणसांची रीघ लागली, आणि प्रत्येकाकडे काउंट वाढवायचा उपाय होता. डाळिंबं तर इतकी आली की फ्रीजचा खालचा कप्पा भरला. डाळिंबाबद्दल तक्रार नाही; आपल्याच जिल्ह्याचं फळ, स्वच्छ धुऊन, घरी सोललेलं मी आवडीने खाल्लं. बीट आलं, बकरीचं दूध आलं, पपईच्या पानांचा रस आला. रस मी ओतून दिला. पण एक गोष्ट मला खोलवर दुखावून गेली आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. "मन आनंदी ठेव, काउंट आपोआप वाढतील." हे सांगणाऱ्यांचा जीव माझ्यासाठी तुटत होता, यात शंका नाही. पण त्याचा दुसरा अर्थ असा होतो की काउंट पडले ते मी रडले म्हणून. रडून पेशी मरत नाहीत. त्या डॉक्सोरुबिसिनने मरतात. ज्या बायका ओठ घट्ट मिटून हसत बसतात त्यांचेही काउंट पडतात, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर जी मुलगी दर डोसला हमसून रडायची तिचे एकदाही पडले नाहीत. आजारी माणसाच्या मनाची काळजी जरूर घ्यावी, त्याला बरं वाटावं म्हणून. त्याच्या रक्ताची जबाबदारी त्याच्या हसण्यावर टाकू नये.

आता तापाच्या रात्रीबद्दल. मी आधी ज्या आकड्यांना भ्याले ते सगळे कागदावरचे होते. खरा धोक्याचा आकडा एकदाच आला, आणि तो थर्मामीटरवर.

तिसऱ्या डोसनंतरचा नववा दिवस. दिवाळी नुकतीच आटोपली होती, लेक पुण्याला परतली होती, हे कामासाठी लातूरला. रात्री अकराच्या सुमारास अंगावर काटा आला. ताप मोजला, 100.6. दवाखान्याने पहिल्याच दिवशी एक कार्ड दिलेलं होतं, फ्रिजवर चिकटवलेलं: ताप 100.4 किंवा जास्त असेल तर वेळ न बघता यावे, आपल्या मनाने गोळी घेऊ नये. मी ते कार्ड रोज वाचत होते. आणि तरी मला वाटलं, सहा दशांशच तर आहे, सकाळी बघू. इतक्या रात्री कोणाला उठवायचं?

आमच्या समोरच्या घरातल्या अक्का विड्या वळतात. तेलुगू घर, पण अक्का चारही भाषा सोलापुरी चालीवर बोलतात. कारखान्यात द्यायचा आकडा पुरा झाला नसेल तर रात्री उशिरापर्यंत मांडीवर सूप घेऊन बसतात. हजार विड्या म्हणजे हजार, आणि तपासनिसाने छाट काढली की त्या गेल्या. त्यांनी माझ्या खोलीचा दिवा पाहिला आणि दार वाजवलं. माझ्या कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "अक्का, थोडाच आहे. सकाळी जाऊ." त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "सकाळपर्यंत कशाला थांबलालाव वैनी? ते कार्डावर काय लिवलंय? चला की." कार्डावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नाही. मी त्यांना एकदा वाचून दाखवलं होतं, तेवढं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मुलाला उठवून रिक्षा काढायला लावली. रिक्षात त्यांच्या बोटांना तंबाखूचा वास येत होता आणि त्यांनी माझा उजवा हात सोडला नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंत ताप 101.8 झाला होता. रिपोर्टची वाट न बघता त्यांनी सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू केलं. न्यूट्रोफिल नसताना ताप आला तर पहिला तास महत्त्वाचा असतो, कारण जंतूला अडवायला रक्तात कोणी नसतं, आणि पू, सूज, खोकला अशा नेहमीच्या खुणाही दिसत नाहीत. ताप हीच एकटी खूण. नंतर कळलं, त्या रात्री पांढऱ्या पेशी 900 होत्या आणि त्यात न्यूट्रोफिल 300 सुद्धा नव्हते. पाच दिवस राहावं लागलं. मला नवल वाटतं ते याचं, की 798 ला मी रात्रभर जागले आणि 100.6 ला सकाळपर्यंत थांबायला निघाले होते. कुठला आकडा जागं करणारा आणि कुठला थांबू शकणारा, हे भीतीला कळत नाही. ते कुणाकडून तरी शिकून घ्यावं लागतं. चौथा डोस थोडा कमी करून दिला, आणि लाल औषध संपलं.

त्या पाच दिवसांत शेजारच्या कॉटवर भूम तालुक्यातल्या एक आजी होत्या. आपल्या लहान गावात बार्शीच्या दवाखान्याची माणसं यायची, घरोघर विचारायची, कोणाला गाठ आहे का, कोणाचं अंगावरून जातं का, असं त्या सांगायच्या. "आधी वाटायचं, ह्यांना काय करायचंय?" मी नंतर लेकीला विचारलं, तिने शोधून सांगितलं. बार्शीत 1987 पासून कर्करोगाची नोंदवही आहे, खेड्यांतली भारतातली पहिली. बार्शी, परांडा, भूम या भागातल्या गावोगाव जाऊन माणसं नोंदवून ठेवणारी. आपल्यापासून दोन तासांच्या आत. मी आयुष्यभर नोंदवह्या लिहिल्या आहेत, त्यामुळे मला त्या नोंदणाऱ्यांचं फार वाटलं. उन्हात, पायी, एका गावातून दुसऱ्या गावात, आणि वहीत एकेका बाईची ओळ. माझ्या डोसाचं माप, त्यातले दिवस, 1,500 ची ती मर्यादा, हे सगळं अशाच कुठल्या कुठल्या बायकांच्या ओळींवरून ठरलेलं असणार. त्यांतल्या कित्येक आता नसतील. हे मनात आल्यापासून रिपोर्टवरचा आकडा मला थोडा कमी परका वाटतो.

डिसेंबरच्या मध्यापासून दर आठवड्याचं औषध सुरू झालं. हे तुलनेने सोपं जातं, सगळ्या म्हणतात, आणि जातंही. बोटांची टोकं बधिर होतात. सुताचा पीळ बोटांना कळेनासा झाला, ते दुःख वेगळं. पण मी सावरत होते, आणि सावरताना दोन चुका केल्या.

एक, नात्यातल्या एकींनी प्रेमाने दिलेला काढा मी बारा दिवस घेतला, कोणाला न सांगता. दुसरी, घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबचं 'संपूर्ण तपासणी' पॅकेज मी आपल्या मनाने केलं. वाटलं, सगळं एकदा तपासून टाकू म्हणजे शांतता. त्या पॅकेजात सीए 15-3 होतं. स्तनाच्या कर्करोगाचा मार्कर म्हणतात तो. रिपोर्ट आला शुक्रवारी रात्री. यकृताची तपासणी असते ती एसजीपीटी, वाढलेली, 112. आणि सीए 15-3, हवा 30 च्या आत, आला 41.

शनिवारी डॉक्टर बाहेरगावी होत्या. रविवार सुटीचा. तीन रात्री. मी फोनवर काय काय वाचलं ते लिहीत नाही. एवढंच सांगते की रविवारी पहाटे चारला मी कपाटातले दागिने काढून लेकीसाठी वेगळे बांधले. पाटल्या, गंठण, आजीची नथ. कापडाला गाठ मारताना बधिर बोटांना गाठ घट्ट बसली की नाही हे कळेना, म्हणून दाताने ओढली.

सोमवारी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "काही घेताय का? काढा, रस, चूर्ण?" मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "किमोनेही एसजीपीटी वाढतं, काढ्यानेही वाढतं. दोन्ही एकदम चालू असलं की मी बोट कोणावर ठेवू? किमो थांबवता येत नाही, काढा येतो." मग मार्करबद्दल. यकृताला सूज असली तरी तो वाढू शकतो. उपचार चालू असताना काही दिवस उगाच चढतो. एका लॅबचं यंत्र आणि दुसऱ्या लॅबचं यंत्र एकच रक्त वेगळं मोजतात. आणि म्हणूनच मूळ उपचारात असलेल्या, दुसरीकडे रोगाची खूण नसलेल्या बाईत ही तपासणी नेमाने करायची शिफारस नाही. त्यांनी ती सांगितलेलीच नव्हती. त्यांनी मला तपासलं, मान, काख, दुसरी बाजू, पोट. हाडं दुखतात का, दम लागतो का, विचारलं. पोटाची सोनोग्राफी केली, तीत यकृतावर थोडी चरबी सोडून काही नव्हतं. "याचा अर्थ काही नाही असा घ्यायचा का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "याचा अर्थ आज काही करायचं नाही, असा घ्या." त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, आणि मला तो नको होता.

मग मीच त्यांना पेढीतलं सांगितलं. आम्ही रोजच्या रोज कीर्द लिहितो. एखाद्या दिवशी गल्ल्यात कमी दिसतं, कारण पैसे येणं बाकी असतं, नाहीतर एखादी रक्कम दुसऱ्या खात्यावर चुकून गेलेली असते. त्या एका पानावरून कोणी दिवाळं काढत नाही. त्याच्या आधीची आणि नंतरची पानं बघतात. त्या म्हणाल्या, तुम्हाला तर कळतंच की मग. मला कळत होतं, पण पेढीवर. स्वतःच्या रक्ताचं पान हातात आलं की सत्तावीस वर्षांची शिस्त कुठे गेली?

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. रिपोर्टवर जी 'नेहमीची मर्यादा' छापलेली असते ती बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांतल्या मधल्या 95 टक्क्यांवरून आखलेली असते. म्हणजे धडधाकट वीस माणसांतलं एखादं त्या रेषेबाहेर असायचंच. चाळीस तपासण्यांचं पॅकेज केलं तर ठणठणीत माणसालाही एखादा ठळक आकडा मिळायचा. मी शांतता विकत घ्यायला गेले होते आणि चाळीस शंका विकत घेतल्या.

काढा बंद केला. तीन आठवडे व्हायचेत अजून, पण मधल्या तपासणीत एसजीपीटी 78 वर आलं आहे. 41 जिथल्या तिथे आहे. उपचार संपल्यावर वाटलं तर परत बघू, त्याच लॅबमध्ये, असं ठरलंय. तोवर तो आकडा माझ्याबरोबर राहतो. सकाळी दात घासताना आठवतो. नाही आठवला असा दिवस अजून आलेला नाही.

त्या तीन रात्रींनंतर धाकट्या जाऊबाईंनी एक व्यवस्था लावली. त्या जुळे सोलापूर या भागात राहतात, शाळेत शिकवतात, मोजकं बोलतात. त्या थेट लॅबमध्ये गेल्या आणि माझ्या नावापुढचा फोन नंबर बदलून स्वतःचा देऊन आल्या. मला येऊन सांगितलं, "ताई, आता रिपोर्ट माझ्याकडे येणार. मी उघडणार नाही. सकाळी दहाला तुम्ही, मी आणि डॉक्टर, तिघींनी मिळून उघडायचा." फक्त लॅबने स्वतः फोन करून तातडीचं म्हटलं तर रात्री सांगायचं, एवढी सवलत त्यांनी ठेवली. मला राग आला. माझं रक्त, माझा आकडा. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. मग पहिला बुधवार आला, रक्त दिलं, रात्री पावणेनऊ वाजले, आणि माझ्या फोनवर काहीच आलं नाही. मी जेवले. जेवून भांडी आवरली. बारा वाजता कूस बदलली तेव्हा लक्षात आलं की मी झोपले होते.

ज्यांना हे शक्य नाही, ज्या एकट्या आहेत, ज्यांचा फोन दुसऱ्या कोणाकडे देता येत नाही, त्यांना मी काय सांगणार? निदान संध्याकाळनंतर उघडू नका. रात्रीचा आकडा मोठा दिसतो.

आज सोळा जानेवारी. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस. यंदा मी गर्दीत गेले नाही, काउंट काठावर आहेत आणि डॉक्टरांनी हात जोडून सांगितलंय. तेराला अडुसष्ट लिंगांना तेल लागलं, चौदाला संमती कट्ट्यावर अक्षता पडल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या अक्षता माझ्या हातून पडल्या नाहीत. जाऊबाईंनी माझ्या वाटच्या टाकल्या. पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांनी उचललेले सात नंदीध्वज कसे गेले, वाऱ्याने कुठला झुकला, कोणी सावरला, हे त्यांनी मला घरी येऊन बारकाईने सांगितलं. एरवी मोजकं बोलणाऱ्या बाईने.

आज सकाळी रक्त दिलं. नेहमीचा मुलगा आला होता. डावा हात ऑपरेशनचा, त्यातून काढायचं नाही. उजव्या हातावरच्या शिरा काळ्या आणि कडक झाल्यात. त्याने पट्टा बांधला, कोपराच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं आणि थांबला. मी म्हटलं, "ही नको, मनगटाजवळची बघ." त्याला पहिल्या टोचणीत मिळाली. नळीत रक्त चढताना त्याने नेहमीप्रमाणे नाव आणि वय विचारलं, मी सांगितलं, त्याने चिठ्ठी लिहून चिकटवली.

आता रात्रीचे आठ वाजून गेलेत. होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालंय, आमच्या गच्चीवरून अर्धं आकाश दिसतं. जाऊबाई हुरडा घेऊन आल्यात, भाजून, चोळून आणलेला, सोबत शेंगाचटणी. अक्काही सूप ठेवून वर आल्यात. मी हुरड्याचे दाणे तळहातावर घेते, ते गरम आहेत एवढं कळतं. मधे जाऊबाईंचा फोन वाजला. एकदाच, मेसेजसारखा. त्यांनी बघितला नाही. उचलून पालथा घातला आणि हुरड्याचं ताट माझ्याकडे सरकवलं.

"घ्या की ताई," त्या म्हणाल्या, "गार होतंय."